सुझुकी कपलिंग: फिनाइल चालतं, मग पायरिडिल आणि थायनिल का अडतं?

सेंद्रिय_भाग२ (कोल्हापूर):

एम.एस्सी. भाग २ च्या प्रकल्पासाठी १२ बायअरिल फ्रॅगमेंटची (दोन अरोमॅटिक वलयं जोडलेले छोटे रेणू) छोटी लायब्ररी करायची आहे. गाभा सगळ्यांत एकच, ४-ब्रोमोबेंझॉइक अ‍ॅसिड आणि मॉर्फोलिनपासून केलेला अमाइड (रेणुभार २७०). त्यावर सुझुकी कपलिंगने (पॅलेडियमच्या मदतीने ब्रोमीन आणि बोरॉन सोडवून दोन वलयं जोडणं) वेगवेगळी बोरॉनिक अ‍ॅसिड जोडायची.

कंडिशन सगळीकडे सारखी ठेवली आहे. ब्रोमाइड २७० मिग्रॅ (१ मिलीमोल), बोरॉनिक अ‍ॅसिड १.२ इक्विव्हॅलंट, टेट्राकिस पॅलेडियम (ट्रायफिनाइलफॉस्फिन लावलेलं पॅलेडियम, उत्प्रेरक) ५८ मिग्रॅ (५ मोल टक्के), पोटॅशियम कार्बोनेट २७६ मिग्रॅ, डायऑक्सेन ४ मिलि अधिक पाणी १ मिलि, ९० अंश, १२ तास. वर नायट्रोजनचा फुगा. वर्कअपला (रिअ‍ॅक्शननंतर माल वेगळा काढायला) इथाइल अ‍ॅसिटेट, मग १ नॉर्मल एचसीएलने दोन वॉश, ब्राइन, सोडियम सल्फेट, कॉलम.

मिळालेलं यील्ड असं. फिनाइल: ८२ टक्के.
३-पायरिडिल: ४० टक्के. टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांनी दाखवणारी पट्टी) ब्रोमाइड संपलेलं दिसतं, तरी एवढंच.
२-थायनिल: १८ टक्के, ब्रोमाइड बरंच शिल्लक.
२-पायरिडिल: काहीच नाही, ब्रोमाइड जसंच्या तसं.

तिन्ही हेटेरोअरिल बाटल्या मे महिन्यात फोडल्या, आता जुलै अर्धा सरला. डेसिकेटरमध्येच असतात. लेबलवर ९७ टक्के लिहिलं आहे आणि थायनिलचा प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन दाखवणारी चाचणी) एकदम स्वच्छ आला, म्हणजे माल खराब नाही असं धरून चालले आहे. अर्ध्या तासात मिश्रण काळं पडतं, फिनाइलमध्येसुद्धा. पॅलेडियम वाढवू का, तापमान वाढवू का, की बेस बदलू? टेट्राकिस महाग आहे, त्यामुळे अंदाजाने रिअ‍ॅक्शन लावत बसणं परवडणार नाही.

---

शिरोली_लॅब:

पावसाळ्यात बोरॉनिक अ‍ॅसिडचं बोरॉक्सिन होतं, तेच झालं असणार. गरम पाण्यातून क्रिस्टलाइज करून घ्या.

---

प्रोसेस_गोकुळशिरगाव:

ताई, तापमान वाढवू नका, पॅलेडियमही वाढवू नका. तुमच्या तीन अडचणींची कारणं तीन वेगळी आहेत, एकच औषध तिन्हींना लागू पडणार नाही.

आधी वरच्या उत्तराबद्दल. बोरॉक्सिन म्हणजे तीन बोरॉनिक अ‍ॅसिडमधून तीन पाणी निघून झालेलं वलय. ते कोरडेपणात होतं, दमट हवेत नाही. पाणी आणि बेस असलेल्या रिअ‍ॅक्शनमध्ये ते पुन्हा उघडून अ‍ॅसिडच होतं, त्यामुळे यील्ड पडायचं ते कारण नाही. फिनाइलबोरॉनिक अ‍ॅसिड गरम पाण्यातून छान क्रिस्टलाइज होतं हे खरं, पण थायनिल आणि २-पायरिडिल गरम पाण्यात टाकणं म्हणजे आहे तेही घालवणं.

आता ३-पायरिडिल. याचं बोरॉनिक अ‍ॅसिड चांगलं टिकाऊ असतं आणि तुमचं ब्रोमाइडही संपलं आहे. मग माल गेला कुठे? एचसीएलच्या वॉशमध्ये. पायरिडिनचा नायट्रोजन १ नॉर्मल आम्लात प्रोटॉन घेतो आणि प्रॉडक्ट क्षार होऊन पाण्यात उतरतं. फिनाइलच्या प्रॉडक्टमध्ये बेसिक नायट्रोजनच नाही. मॉर्फोलिनचा नायट्रोजन अमाइडमध्ये अडकलेला आहे, तो प्रोटॉन घेत नाही, म्हणून तिथे हाच वर्कअप निभावला. आम्लाचा वॉश ठेवला असेल तर ओतू नका. सोडियम कार्बोनेटने पीएच ९ पर्यंत न्या (थोडं थोडं घाला, फेस येतो), इथाइल अ‍ॅसिटेटने तीनदा काढा, टीएलसी बघा. पुढच्या वेळी पायरिडिन, इमिडाझोल, अ‍ॅनिलिन, अमाइन यांपैकी काहीही प्रॉडक्टमध्ये असेल तर आम्लाचा वॉश द्यायचाच नाही. फक्त पाणी आणि ब्राइन. कॉलमला स्पॉट शेपूट काढत असेल तर सॉल्व्हंटमध्ये १ टक्का ट्रायइथाइलअमाइन घाला.

२-पायरिडिलची गोष्ट निराळी आहे. तिथे बोरॉन नायट्रोजनच्या शेजारच्या कार्बनवर बसतो. नायट्रोजनवर प्रोटॉन आणि बोरॉनवर हायड्रॉक्साइड अशी दोन्ही टोकं भारित अवस्था झाली की कार्बन-बोरॉन बंध आपोआप तुटतो. उरतं पायरिडिन आणि बोरिक अ‍ॅसिड. याला प्रोटोडीबोरोनेशन म्हणतात. ७० अंशांना, पीएच ७ च्या आसपास, २-पायरिडिल बोरॉनिक अ‍ॅसिडचं अर्धं आयुष्य सेकंदांत मोजतात. तुमच्या ९० अंशांच्या फ्लास्कमध्ये पॅलेडियमने ब्रोमाइडला हात लावेपर्यंत बोरॉनिक अ‍ॅसिड संपलेलं असतं. सौम्य बेस वापरून हे थांबेल असं वाटतं, पण या रेणूत न्यूट्रलजवळच वेग सर्वांत जास्त असतो. ३- आणि ४-पायरिडिलमध्ये ही दोन टोकं शेजारी येत नाहीत म्हणून ती टिकतात.

२-थायनिल या दोहोंच्या मधलं. २-पायरिडिलपेक्षा पुष्कळ संथ तुटतं, पण कार्बोनेट, पाणी, ९० अंश आणि १२ तास हे त्याला पुरेसं आहे. २-फ्युरिल, २-पायरोलिल, २,६-डायफ्लुओरोफिनाइल आणि पेंटाफ्लुओरोफिनाइल यांचंही असंच. तुमच्या १२ च्या यादीत यातलं काही असेल तर आत्ताच खूण करून ठेवा.

चौथी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली, पण ती सगळ्या रिअ‍ॅक्शनना भोवते आहे: अर्ध्या तासात काळं पडणं. फुगा लावल्याने वरची हवा बदलते, द्रवात विरघळलेला ऑक्सिजन तसाच राहतो. तो ट्रायफिनाइलफॉस्फिनचं ऑक्साइड करतो, लिगंड (पॅलेडियमला विरघळलेलं ठेवणारं फॉस्फिन) गेलं की पॅलेडियम काळं होऊन खाली बसतं. शिवाय ऑक्सिजन असला की दोन बोरॉनिक अ‍ॅसिड एकमेकांना जोडली जातात, तो माल वेगळाच वाया. डायऑक्सेन, पाणी, ब्रोमाइड, बेस आधी फ्लास्कमध्ये घ्या, लांब सुई तळापर्यंत घालून नायट्रोजन १५ ते २० मिनिटं बुडबुड्यांनी सोडा, बाहेर जायला दुसरी आखूड सुई ठेवा. मग बोरॉनिक अ‍ॅसिड आणि शेवटी पॅलेडियम. नंतर आणखी ५ मिनिटं नायट्रोजन, मगच ऑइल बाथ.

टेट्राकिसचा रंग पाहा. ताजं असताना पिवळंधमक असतं. नारिंगी, तपकिरी किंवा हिरवट झालं असेल तर ५८ मिग्रॅ वजनात कामाचं पॅलेडियम(०) किती आणि फॉस्फिन ऑक्साइड किती, ते सांगता येत नाही. त्यापेक्षा पॅलेडियम डीपीपीएफ डायक्लोराइड (डीपीपीएफ हे दुसरं फॉस्फिन लिगंड), डायक्लोरोमिथेन कॉम्प्लेक्स, ३ मोल टक्के म्हणजे २४.५ मिग्रॅ घ्या. नारिंगी-लाल पावडर, हवेत बऱ्यापैकी टिकते. विद्यार्थ्यांच्या लॅबला हीच सोयीची.

---

पंचगंगा_एनएमआर:

"प्रोटॉन एनएमआर स्वच्छ आला म्हणजे माल चांगला" या एका वाक्यावर थांबतो, कारण बोरॉनिक अ‍ॅसिडमध्ये हे फसवं असतं.

थायनिल बोरॉनिक अ‍ॅसिड बाटलीत तुटलं की थायोफिन होतं. त्याचा उत्कलनांक ८४ अंश, ते हळूहळू उडून जातं. मागे राहतं बोरिक अ‍ॅसिड, पांढरी पावडर, त्यात कार्बनला जोडलेला एकही हायड्रोजन नाही. एनएमआरमध्ये उरलेलं चांगलं थायनिलच दिसतं, तेही सुबक. टीएलसीवरही बोरिक अ‍ॅसिड यूव्हीखाली दिसत नाही. वितळणबिंदूचा उपयोग नाही, कारण तापवताना बोरॉनिक अ‍ॅसिड पाणी सोडून बोरॉक्सिन होतं.

म्हणून वजनाशी तुलना करावी लागते. १,३,५-ट्रायमेथॉक्सिबेंझीनचा रेणुभार १६८.२, त्याचे अरोमॅटिक हायड्रोजन ३. म्हणजे ५.६ मिग्रॅ घेतलं की ०.१ मिलीमोल हायड्रोजन झाले. सोबत तुमचा नमुना बरोबर ०.१ मिलीमोल घ्या, २-थायनिल असेल तर १२.८ मिग्रॅ, पायरिडिल असेल तर १२.३ मिग्रॅ. दोन्ही डीएमएसओ-डी६ मध्ये विरघळवून डी२ओचा (जड पाण्याचा) एक थेंब टाका, म्हणजे बोरॉक्सिन उघडून एकच संच सिग्नल दिसतील. ६.१ पीपीएमचं शिखर १.०० धरा. थायनिलच्या एका हायड्रोजनचं इंटिग्रेशन (शिखराचं क्षेत्रफळ) थेट शुद्धता सांगतं: ०.९५ म्हणजे ९५ टक्के. १.० पेक्षा जास्त आलं तर घाबरू नका, तो बोरॉक्सिनचा भाग आहे. पूर्ण कोरड्या थायनिल बोरॉक्सिनला १.१६ येईल, कारण पाणी गेल्याने तेवढ्याच वजनात रेणू जास्त बसतात.

मशीनवर रिलॅक्सेशन डिले (दोन मोजण्यांमधला थांबा) ३० सेकंद ठेवायला सांगा. नेहमीच्या १ सेकंदावर मोजलं तर आकडे चुकतात. तराजू ०.१ मिग्रॅचा असेल तर ५.६ वर दोनेक टक्के चूक धरा, या कामाला तेवढी चालते.

आणि बाटलीवरचे ९७ टक्के बहुधा एचपीएलसीचे असतात. यूव्हीत दिसणाऱ्या पदार्थांमधला तो वाटा झाला. पाणी, बोरिक अ‍ॅसिड, क्षार त्यात मोजलेच जात नाहीत. अमाइन बिल्डिंग ब्लॉक घेताना हीच चूक होते: हायड्रोक्लोराइड असतं, वजन मोकळ्या अमाइनच्या रेणुभाराने होतं आणि बेसही एक इक्विव्हॅलंट कमी पडतो.

---

सेंद्रिय_भाग२:

सर, आम्लाचा वॉश ठेवलेला होता. पीएच ९ करून काढल्यावर ३-पायरिडिलचं ९४ मिग्रॅ आणखी निघालं. आधीचं १०७ धरून ७५ टक्के झालं. २-पायरिडिलच्या आणि थायनिलच्या वॉशमध्ये काही नाही.

ट्रायमेथॉक्सिबेंझीन घालून मोजलं. ३-पायरिडिल १.०६, थायनिल ०.६१. २-पायरिडिलचे सिग्नल ०.२ च्या आसपास.

आता पुढे काय करावं? नवीन बाटल्या मागवायच्या तर २-पायरिडिलचा मिडा एस्टर (बोरॉन झाकून ठेवलेलं टिकाऊ रूप) मिळतो असं दिसतं, पण किंमत खूप आहे. आणि माझ्या यादीत २-फ्युरिल आणि २-थायाझोलिलसुद्धा आहेत.

---

मेडकेम_कागल:

बाटल्या मागवू नका. जोडीदारांच्या जागा बदला.

तुमच्या १२ रेणूंत गाभा सारखा आहे. मग बोरॉन नाजूक हेटेरोअरिलवर कशाला ठेवायचा, तो गाभ्यावरच ठेवा. गाभा साधा पॅरा-बदली बेंझीन आहे, त्याचा पिनाकॉल एस्टर (बोरॉनिक अ‍ॅसिडचं पिनाकॉलने झाकलेलं रूप) सहज टिकतो. एकदा ५ ग्रॅम करून ठेवला की समोर फक्त ब्रोमाइड लागतात: २-ब्रोमोपायरिडिन, २-ब्रोमोथायोफिन, २-ब्रोमोथायाझोल. ही स्वस्त असतात, बाटलीत टिकतात आणि कितीतरी प्रकारांत मिळतात. २-ब्रोमोफ्युरान तेवढं लागेल तेव्हाच मागवा, ते पडून राहिलं की काळवंडतं. औषध संशोधनात बिल्डिंग ब्लॉक निवडताना पहिला प्रश्न हाच असायला हवा: कुठला तुकडा जास्त वेळा लागणार आणि कुठला नाजूक? बोरॉन जास्त लागणाऱ्या आणि धट्ट्याकट्ट्या तुकड्यावर. लोसार्टनच्या सुझुकी मार्गात बोरॉनिक अ‍ॅसिड टेट्राझोलच्या बाजूच्या फिनाइलवर आणि ब्रोमीन इमिडाझोल जोडलेल्या बेंझाइलवर असतं. ती वाटणी विचार करून केलेली आहे.

मियाउरा बोरिलेशन, म्हणजे ब्रोमीनच्या जागी बोरॉन बसवणं, असं करा. ब्रोमाइड २७० मिग्रॅ, बिसपिनाकोलॅटोडायबोरॉन ३०५ मिग्रॅ (१.२ इक्विव्हॅलंट), पोटॅशियम अ‍ॅसिटेट २९४ मिग्रॅ (३ इक्विव्हॅलंट), पॅलेडियम डीपीपीएफ २४.५ मिग्रॅ, कोरडं डायऑक्सेन ५ मिलि. आधी नायट्रोजन, मग ८५ अंश. ४ तासांनी टीएलसी, गरज पडली तर रात्रभर.

इथे तीन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं पोटॅशियम अ‍ॅसिटेट. आपल्याकडच्या जुलैत ते उघड्या बाटलीत बघता बघता ओलं होतं. वजन करण्याआधी व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १०० अंशांना रात्रभर ठेवा, गरम असतानाच बंद व्हायलमध्ये घ्या. दुसरं, अ‍ॅसिटेटऐवजी कार्बोनेट घालण्याचा मोह. अ‍ॅसिटेट एवढा मवाळ आहे की तयार झालेला बोरॉन एस्टर पुढे जात नाही. कार्बोनेट घातलं, आणि सोबत पाणी असलं, की तोच एस्टर उरलेल्या ब्रोमाइडशी सुझुकी करतो आणि गाभ्याला गाभा जोडलेला माल मिळतो. ओलं अ‍ॅसिटेट वाईट का, ते यावरून लक्षात येईल. तिसरं डायऑक्सेन: जुन्या बाटलीत पेरॉक्साइड असतं, ते फॉस्फिनही खातं आणि आटवताना धोक्याचंही असतं. पेरॉक्साइडची पट्टी बुडवून पाहिल्याशिवाय वापरू नका, आणि सगळं काम हूडमध्ये.

कपलिंगला गाभ्याचा पिनाकॉल एस्टर ३१७ मिग्रॅ (१ मिलीमोल), २-ब्रोमोपायरिडिन ०.११५ मिलि (१.२ इक्विव्हॅलंट), पोटॅशियम कार्बोनेट २७६ मिग्रॅ, पॅलेडियम डीपीपीएफ २४.५ मिग्रॅ, डायऑक्सेन-पाणी ४:१, ८५ अंश, ३ ते ५ तास. २-ब्रोमोथायोफिन ०.११६ मिलि. इथे पाणी हवंच, एस्टर उघडायला. १२ तास लावून ठेवू नका, दर तासाला टीएलसी घ्या आणि संपलं की थांबवा.

मिडा एस्टर वाईट नाही. तो बोरॉनिक अ‍ॅसिड हळूहळू सोडतो, त्यामुळे थायनिलला चांगला. पण २-पायरिडिलला नुसत्या मिडाने भागत नाही, सोबत कॉपर अ‍ॅसिटेट, डीएमएफ आणि आयसोप्रोपेनॉल असा वेगळा संच लागतो. २-पायरिडिल बोरॉनशिवाय दुसरा मार्गच नसेल तेव्हा तो खर्च करावा. इथे तशी वेळ नाही.

---

सेंद्रिय_भाग२:

पिनाकॉल एस्टर कॉलममध्ये अडकतो असं ऐकलं आहे. तो शुद्ध कसा करू? आणि ५ ग्रॅम केला तर पावसाळाभर टिकेल का?

---

प्रोसेस_गोकुळशिरगाव:

लांब कॉलम करू नका. अरिल पिनाकॉल एस्टर सिलिकावर थोडा तुटतो आणि शेपूट काढतो. रिअ‍ॅक्शन थंड झाली की सेलाइटमधून गाळा, इथाइल अ‍ॅसिटेटने धुवा, पाण्याचा एक वॉश, ब्राइन, सुकवा. मग सिलिकाचा फक्त ३-४ सेंमी थर घेऊन फनेलमधून एकदाच पटकन खाली काढा. रोटावर (रोटरी इव्हॅपोरेटरवर) आटवून थंड हेक्झेनमध्ये ढवळलं की बहुधा घट्ट होतो आणि जादा डायबोरॉनचा बराच भाग हेक्झेनमध्ये निघून जातो. एनएमआरला १.३ पीपीएमच्या आसपास १२ हायड्रोजनचं शिखर एस्टरचं. त्याच्या जवळ १.२५ च्या सुमारास दुसरं दिसलं तर ते डायबोरॉन किंवा त्याचा चुरा. थोडं राहिलं तर कपलिंगला अडचण नाही, फक्त वजन करताना तेवढं वजा धरा.

टिकण्याबद्दल: ५ ग्रॅमची एक बाटली ठेवू नका. अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमच्या दहा व्हायल करा, नायट्रोजन सोडून झाकणावर पॅराफिल्म, तारीख लिहा, फ्रिजमध्ये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, फ्रिजमधून काढलेली व्हायल लगेच उघडू नका. या हवेत गार काचेच्या आत दव धरायला मिनिटही लागत नाही, ते थेट पावडरवर बसतं. पाऊण तास टेबलावर राहू द्या. डेसिकेटरची निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर तो डेसिकेटर म्हणजे नुसतं भांडं. १२० अंशांना २-३ तास भाजा, पुन्हा निळी झाली की भरा.

ब्रोमाइड मागवायची ती आत्ताच मागवा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता, तसं झालं तर पुण्या-मुंबईहून येणारा माल दिवसेंदिवस वाटेत अडकतो.

---

मेडकेम_कागल:

आणखी दोन गोष्टी, कारण हे फ्रॅगमेंट पुढे स्क्रीनिंगला जाणार असतील. पॅलेडियमचा अंश राहिला तर काही एन्झाइम चाचण्यांत तोच प्रतिबंध करतो आणि रेणू खोटाच चांगला दिसतो. प्रॉडक्ट पांढरं यायला हवं, त्याला तपकिरी किंवा राखाडी झाक असेल तर इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवून थायॉल सिलिकासोबत (पॅलेडियम पकडणारी गंधकयुक्त सिलिका) तासभर ढवळा आणि गाळा. थायॉल सिलिका नसेल तर अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, पण त्यात थोडं प्रॉडक्टही जातं.

दुसरं, बोरॉनिक अ‍ॅसिड आणि एस्टर उघड्या हाताने हाताळू नका. अनेक अरिल बोरॉनिक अ‍ॅसिड एम्स चाचणीत पॉझिटिव्ह आली आहेत, म्हणजे जिवाणूंमध्ये म्युटेशन घडवणारी. नायट्राइल ग्लोव्ह घाला, वजनाचं कामही हूडमध्ये करा आणि प्रॉडक्टमध्ये बोरॉन एस्टर उरला नाही हे एनएमआरमध्ये १.३ चं शिखर गेलेलं पाहूनच पुढे पाठवा.

रेणुभाराच्या बाजूने तुम्ही ठीक आहात. पायरिडिलचं प्रॉडक्ट २६८, थायनिलचं २७३, फ्रॅगमेंटसाठी धरतात त्या ३०० च्या आत. यादीत क्विनोलिन असेल तर ते ३१८ होतं, त्याऐवजी पिरिमिडिन घ्या. ५-ब्रोमोपिरिमिडिन याच कंडिशनमध्ये चालेल. वर्कअपला आम्ल नको, हे तिथेही लागू.